नकाशात न आलेला पाडा

गोखिवऱ्याच्या बळीरामला डोंगर तोंडपाठ होता. चौऱ्याहत्तरच्या थंडीत मोजणीचे साहेब तुंगारेश्वरच्या जंगलाचा नकाशा करायला आले, तेव्हा गावानं त्याचंच नाव पुढं केलं. तीन पायांचं मोजणीचं टेबल खांद्यावर घेऊन तो चार महिने कडेकपारी चढला. साहेब दुर्बिणीतून बघायचे, कागदावर उंचीच्या रेषा ओढायचे आणि ओढ्याटेकड्यांची नावं बळीरामला विचारायचे. तो सांगेल ते कागदावर. मग काय, स्वारीचा रुबाब विचारूच नका!

माघातल्या एका दुपारी साहेबांना दरीपलीकडे चार-पाच झोपड्या दिसल्या. "वस्ती आहे का रे तिथे? असेल तर जाऊन बघायला हवं."

तो नथूचा पाडा. तिथली माणसं दिवाळीनंतर मिठागरावर कामाला जात आणि पावसाच्या तोंडावर परतत. दाराला काटेरी फांदी लावली की झालं कुलूप. बळीरामला हे पक्कं ठाऊक होतं. नथूच्या ओट्यावर त्यानं कितीदा भाकरी खाल्ली होती. पण दरी उतरायची, पुन्हा चढायची, तीही ते धूड खांद्यावर घेऊन! गुडघे आधीच बोलत होते. "कोनी नाय साहेब," तो म्हणाला, "ओसाड हाय." अरे, निदान जीभ तरी चाचरायची! छे. गडी संध्याकाळी मजेत घरी आला.

दहा वर्षांनी नथू त्याच्या दारात उभा राहिला. जंगलाची हद्द ठरत होती. जुनी वस्ती नकाशात असली तर राहणार, नाहीतर उठायचं. "कचेरीत म्हनतात, तुमचा पाडा कागदावर नायच. तू व्हतास ना मोजनीला? चल, सांग त्यांना."

बळीराम गेला. नथूच्या देखत त्यानं हात जोडून सांगितलं, तेव्हा खोटं मीच बोललो, अंगचोरपणा केला. कारकुनानं नकाशा पसरला. "छापलेला कागद खरा मानू, की दहा वर्षांनी फिरवलेली तुमची जबान?" मेल्याहून मेल्यासारखं झालं बळीरामला.

नथू शिव्या घालेल असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता नकाशावर वाकला. "कुठं आला असता आमचा पाडा?"

बळीरामनं बोट टेकवलं.

"केवढा?"

"मुगाच्या दान्याएवढा."

नथूनं त्याच जागी आपलं बोट ठेवलं. "येवढीच जागा लागत व्हती, बळी," तो म्हणाला. "तेवढी तरी द्यायचीस."