मागच्या सीटची पसंती

सौंसरच्या मोरेश्वर कळंब्यांच्या नजरेची ख्याती सांगायला बसलं तर एक सकाळ पुरणार नाही. संत्र्याचे बगीचे घेणारा माणूस. झाडावर फळ उभं असताना बगीच्यात एक फेरी मारायची, मान वर करून पाहायचं आणि "घेतला" म्हणायचं. झाला सौदा. त्या एका शब्दावर बोरगावपासून पांढुर्ण्यापर्यंतचे शेतकरी निर्धास्त राहत. पुढे गारा पडोत नाहीतर भाव, मोरेश्वरभाऊंनी शब्द कधी फिरवला नाही. आता इतकी वर्षं असा मान मिळाला की माणसाला वाटायला लागतं, आपल्या नजरेतून काही म्हणून सुटत नाही. त्यांनाही वाटायला लागलं होतं. सगळा दोष त्यांचा नाही, लोकांनीच चढवून ठेवलं होतं.

त्यांच्या बायकोला, विजयाबाईंना, गाडी लागते. साधीसुधी नव्हे. बसचं दार बंद झालं की पोटात ढवळायला लागतं, आणि कारमध्ये बसवलं तर सौंसर सुटायच्या आत जीव नको होतो. गोळ्या झाल्या, लिंबू झालं, आल्याचा तुकडा झाला, खिडकीची जागा झाली. कशाचा म्हणून उपयोग नाही. उघड्यावर मात्र बाई ठणठणीत. मोटरसायकलवर मागं एका बाजूनं बसून, मांडीवर जेवणाचा डबा धरून, त्या नवऱ्याबरोबर सगळा तालुका फिरल्या. पण लेकीच्या लग्नाच्या वर्षीच त्यांच्या कमरेतली गादी सरकली, आणि जुन्या गाडीचे हादरे सोसवेनासे झाले. बाजारापर्यंत ठीक, त्यापुढं नाही.

आणि लेक दिली कुठं, तर तामियाला. धनश्री तिथं नर्स, जावई शाळेत मास्तर. रेल्वे छिंदवाड्यापर्यंत नेऊन सोडते, पुढं सगळा घाटरस्ता. मोरेश्वरभाऊ अधूनमधून एकटेच बसनं जाऊन यायचे. विजयाबाईंनी लेकीचं घर पाहिलं ते फक्त मोबाईलवर.

धनश्री आधी प्रत्येक फोनवर म्हणायची, "आई, कधी येशील?" विजयाबाई म्हणायच्या, "येतो वं, पुढच्या महिन्यात पाहू." असे किती पुढचे महिने गेले. मग पोरीनं विचारणंच सोडलं. कंबर कशी आहे विचारायची, संत्रा कसा आहे विचारायची, पण 'ये' म्हणायची नाही. फोन ठेवल्यावर विजयाबाई "रुसली पोट्टी," एवढं म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. मोरेश्वरभाऊंना ते पाहवेना. मृगबहाराचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी निघणाऱ्या संत्र्याचा, हंगाम आटोपल्यावर त्यांनी ठरवलं, घाटात न दमणारी, खड्ड्यांना न जुमानणारी अशी एक लांब पल्ल्याची मोटरसायकल घ्यायची आणि हिला लेकीच्या दारात नेऊन उभं करायचं.

सल्ला द्यायला पुतण्या होताच. पंकज पांढुर्ण्याला बँकेत आहे, पण त्याचं चित्त कायम लडाखच्या रस्त्यावर. "काका, तुम्हाले ॲडव्हेंचर टूररच पायजे," तो म्हणाला, आणि काकांना घेऊन नागपूरच्या शोरूममध्ये गेला. तिथं त्यानं जी गाडी दाखवली ती म्हणजे हत्तीचं पिल्लू. उंच, समोर वारा अडवायची काच, लांबलचक शॉकअप, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या. मोरेश्वरभाऊ चढून बसले. पायाचे फक्त चवडे जमिनीला लागले, टाचा वरच राहिल्या. ते कुणाला दिसू न देता भाऊ खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि सवयीनं बोलून गेले, "घेतली."

शोरूममधली मुलगी, हिमानी तिचं नाव, तिनं विचारलं, "काका, मागं कोण बसणार आहे? त्यांना एकदा आणता का?"

"मी सौदा दोनदा पाहत नसतो," मोरेश्वरभाऊ म्हणाले. काय पण तोरा. ज्या बाईसाठी गाडी घ्यायची, तिलाच विचारायचं राहिलं, आणि वरून हे.

गाडी ताब्यात यायला अवकाश होता. काकूला निदान रूप तरी दाखवावं म्हणून पंकज एका रविवारी मित्राची अगदी तशीच मोटरसायकल घेऊन सौंसरला आला. गल्ली गोळा झाली. विजयाबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बसायला गेल्या. सीट त्यांच्या छातीला. स्टूल आणलं. स्टुलावरून एका बाजूनं टेकल्या, तर जिथं पाय ठेवायचा तिथं पेटी. साडी चाकात जाऊ नये म्हणून जुन्या गाडीला जाळी असते, ती हिला नाहीच. दोन्ही पाय हवेत लोंबकळत राहिले. मोरेश्वरभाऊ पुढं चढले तर गाडी एका अंगाला कलली, पंकजनं धरली म्हणून बरं. विजयाबाई सावकाश खाली उतरल्या. कुणी हसलं नाही, हसले असते तर परवडलं असतं.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही जाऊन येत जा हिच्यावर. मी आहे घरी."

हे 'मी आहे घरी' मोरेश्वरभाऊंच्या असं जिव्हारी लागलं की त्यांना दोन दिवस जेवण गोड लागेना. शेवटी तिसऱ्या दिवशी विजयाबाईच भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "अजी, बगीचा घेता तं एक फळ फोडून खाता न? मंग ही गाडी काहून न फोडताच घेतली?"

"शब्द देऊन बसलो न वं."

"कोणाले? त्या दुकानाले? आन मले जो देला होता लेकीच्या घरी नेतो म्हणून, तो काय उष्टा होता?"

  मोरेश्वरभाऊंनी उठून शोरूमला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "ते मी घेतली म्हणलं होतं, ते मागं घेतो. बायकोले घेऊन येतो." बोलून झाल्यावर त्यांना अंगावरचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटलं.

रेल्वे विजयाबाईंना लागत नाही, म्हणून रेल्वेनंच नागपूरला गेले. शोरूमला पोचल्यावर बाई पिशवी घेऊन आत तोंड धुवायला गेल्या आणि बाहेर आल्या त्या शेजारच्या पूनमचा पंजाबी ड्रेस घालून. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी साडीखेरीज काही नेसलं नव्हतं. मोरेश्वरभाऊ बघतच राहिले.

"असे पाहू नोका," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "घाटात एका बाजूनं बसली तं कंबर राहीन का माही?"

त्यानंतर बाईंनी जी पाहणी केली, ती मोरेश्वरभाऊंनी कोणत्याही बगीच्यात केली नसेल. एकेका मोटरसायकलवर मागं दोन्हीकडे पाय टाकून बसल्या. एकीवर गुडघे पोटाशी आले, नाही. एकीची सीट निसरडी, उतारावर नवऱ्याच्या अंगावर घसरणार, नाही. एकीला धरायला कडी नाही. मोरेश्वरभाऊ विचारत होते, "इथं दुखते का? पाय टेकते का नीट?" आणि हिमानी कौतुकानं एकेक गाडी पुढं आणत होती. शेवटी एक मध्यम अंगाची मिळाली. तीही लांबच्या प्रवासाचीच, पण सीट रुंद आणि सपाट, पाय ठेवायला खाली ऐसपैस जागा, बाजूला पेट्या नाहीत, मागं एकच पेटी आणि तिला पाठ टेकायला गादी. विजयाबाई तिच्यावर बसल्या आणि हलल्याच नाहीत.

"ही," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "थांबा. तुम्ही बसा समोर. टाचा टेकवा."

मोरेश्वरभाऊंनी टाचा टेकवल्या. पुऱ्या टेकल्या.

"त्या दिवशी टेकल्या नोहत्या तुमच्या," त्या मागून म्हणाल्या. "मी पाहलं होतं. तुम्ही पडान याच्याच भेवानं उतरली मी."

 आपण तिच्या पायांकडे पाहिलं नाही आणि ही आपल्या टाचा पाहत होती. अशा बाईनं जन्मभर आपल्या मागं बसावं, ही आपली लायकी नाही, नशीब आहे, असं मोरेश्वरभाऊंना अगदी मनापासून वाटलं. शोरूममध्ये असं बोलता येत नाही, म्हणून त्यांनी हिमानीकडून सगळ्यांसाठी चहा मागवला.

पुढच्या आठवड्यात सकाळीच निघाले. लेकीला कळवलं नव्हतं. सिल्लेवानीच्या घाटात विजयाबाईंनी एकदा थांबायला लावलं, छिंदवाड्याला एकदा. कंबर धरली नाही, पोट ढवळलं नाही. तामियाच्या चढावर गार वारा आला तेव्हा त्या मागून लहान पोरीसारख्या बडबडत होत्या, आणि मोरेश्वरभाऊ प्रत्येक खड्डा हातानं चाचपल्यासारखा चुकवत होते.

धनश्रीनं दार उघडलं. समोर आई पंजाबी ड्रेसमध्ये, हेल्मेट काखेत घेऊन उभी. विजयाबाईच म्हणाल्या, "रुसली होती न तू माह्यावर? बोलावणंच सोडलं होतं."

"रुसली नोहती, आई." धनश्रीनं तिचे दोन्ही हात धरले. "मी ये म्हणलं का तुले नाही म्हणा लागे, आन मंग तू दिवसभर रडे. बाबांनी सांगतलं होतं मले. म्हणून सोडलं."

विजयाबाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. मोरेश्वरभाऊ रुमालानं गाडीची मागची सीट पुसत होते. ती पुसून केव्हाच झाली होती, तरी पुसत होते.

"अजी, आत या," त्या म्हणाल्या. "माह्या लेकीचं घर पाहा."