अक्काच्या पाठीमागची खिडकी

लिहिण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि मी कॉलेजात येऊन जे लिहिलं ते परीक्षेपुरतंच. त्यातून विषय काय, तर एका खिडकीला थंडीसाठी लावलेला पडदा. हे पोरकट वाटलं तर वाचणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

तेव्हा मी इंटरच्या वर्गात होतो आणि कोल्हापुरात अक्का आणि दाजींकडे राहत होतो. आमचं गाव शाहूवाडीकडच्या डोंगरात. तिथून कॉलेजात आलेला मी पहिलाच. दाजी गुळाच्या अडतीत तोलाईचं काम करत. नदीच्या बाजूला एका जैन कुटुंबाच्या घरामागं त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. पुढच्या खोलीत चूल होती, तिला खिडकी नव्हती. मागची खोली पूर्वी मालकांची कोठी होती. तिला एक मोठी खिडकी होती, पण नुसते गज. झडपा कधी बसवल्याच नव्हत्या. पावसाळ्यात दाजी तिला पत्रा लावत. पत्र्यानं पाऊस अडतो, थंडी अडत नाही; उलट पत्राच बर्फासारखा गार पडतो. थंडीच्या दिवसांत नदीवरचं धुकं सकाळी सरळ खोलीत यायचं. आम्ही तिघं धडधाकट होतो, त्यामुळं त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

अक्काला पहिल्यांदाच दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवावं लागत नाही. आईनं दोनदा निरोप पाठवला, की आता घेऊन या. अक्का म्हणायची, "ह्याची सहामाही परीक्षा हूं दे. मी गेले तर ह्याला भाकरी कोण घालणार? ह्याचे दाजी? त्यांच्या हातची भाकरी खाऊन पोरगं नापास व्हायचं."

मी हसलो होतो. "तू जा" असं म्हणालो नाही.

परीक्षा संपायच्या आधीच अक्का बाळंत झाली, दिवस भरायच्या कितीतरी आधी. मुलगा झाला. एवढासा, रडला तरी शेजारच्या खोलीत ऐकू येऊ नये असा. सुईणीनं त्याला कापसात गुंडाळलं आणि दाजींना सांगितलं, "ह्याला औषध न्हाय, काय न्हाय. ऊब द्या. थंडी सरंपातूर ऊब मिळाली तर पोरगं तुमचं." मग खिडकीकडं बघून म्हणाली, "आनि ह्ये भगदाड बुजवा पयलं."

दुसऱ्या दिवशी आई गावाहून आली. बरोबर भाताच्या पेंढ्याचे भारे होते. गावातल्या गोठ्याला थंडीत आम्ही पेंढ्याचा तट्ट्या लावतो. आईच्या डोक्यात तेच होतं. दाजींनी अडतीतून जुनं बारदान आणलं. आईनं एक बारदान जमिनीवर अंथरलं, त्यावर पेंढा बोटभर जाडीचा सारखा पसरला, वर दुसरं बारदान घातलं आणि दाभण-सुतळीनं वाकळ शिवतात तसे टाके घालत गेली. टाके जवळ नसले तर पेंढा घसरून खाली बसतो, वरचा भाग रिकामा राहतो. आतल्या अंगाला तिनं आपलं जुनं लुगडं लावलं, पेंढ्याची कुसळं बाळावर पडू नयेत म्हणून. वरच्या कडेत बांबू ओवून ते सगळं खिडकीवर टांगलं आणि कडेच्या फटींत चिंध्या कोंबल्या. मी मदतीला होतो, म्हणजे सुतळी धरून बसलो होतो.

खोली खरोखर उबदार झाली. पण आमची एक चूक झाली होती. बारदान गुळाचं होतं. आईनं ते झटकलं होतं, धुतलं नव्हतं. सकाळी पडद्यावर मुंग्यांची रांग, पडद्यावरून भिंतीवर, भिंतीवरून अक्काच्या बाजेकडं. आई ओरडतच उकळतं पाणी आणायला धावली. आरडाओरडा ऐकून घरमालकीण काकू आल्या आणि दारातच हात पसरून उभ्या राहिल्या.

"पाणी वतू नगा, बाई! जीव हाय त्यास्नी बी."

"आनि माज्या नातवाला न्हाय व्हय जीव? कानात गेल्या म्हंजे?"

"मी नेते की. एक बी ठेवत न्हाय."

काकूंनी खरंच मऊ फडक्यानं एकेक रांग सुपात उतरवली आणि परड्यातल्या नारळाच्या बुंध्याशी सोडून त्यांना चिमूटभर पीठ घातलं. आई कमरेवर हात ठेवून बघत होती. "बाळातिणीला अजून शिरा मिळाला न्हाय, आनि मुंग्यांची सरबराई चाललीया."

"गुळाच्या वासानं आलेल्या पावण्या हायत्या, मामी," दाजी म्हणाले. "मानानं पाठवायला नगो?"

अक्का बाजेवर हसली आणि पोटाला हात लावून कण्हली.

पडदा उसवून, नदीवर बारदान धुऊन, वाळवून पुन्हा शिवेपर्यंत दुसरा दिवस गेला. तोवर अक्कानं मुलाला चोळीच्या आत छातीशी धरून ठेवलं होतं. पाय गार पडतात का ते आई सारखी बघत होती.

पडदा पुन्हा लागला आणि माझा प्रश्न उभा राहिला. कुणी काढला नाही. मीच अंधारात पुस्तक उघडून बसलो, तेवढ्यावरून अक्काला कळलं. कंदील लावावा तर काजळी बाळाच्या नाकात जाते. चुलीच्या खोलीत धूर. अक्का आईला म्हणाली, "खालच्या कोपऱ्याला पुस्तकाएवढी झडप ठेव. दुपारी उचलून बांधू. ह्याची वार्षिक परीक्षा हाय."

"आनि वारं?"

"दुपारचं कसलं वारं?"

आईनं कुरकुरत झडप केली. कॉलेजातून आलो की मी झडप सुतळीनं खिळ्याला बांधायचो आणि तिथं बसून वाचायचो. अक्का बाजेवरून उतरून माझ्याशेजारी येऊन बसायची, झडपेकडं पाठ करून, बाळ मांडीवर. मला वाटायचं, तिला एकटीला करमत नसेल. मी कधी तिला इंग्रजी धडा वाचून दाखवायचो. तिला कळत नसे, तरी ती "पुढं?" म्हणायची.

एका दुपारी आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडं वळली.

"हात लाव हितं. लाव की!"

मी हात लावला. लुगड्यावरूनही पाठ गार लागत होती.

"पोराला वारं लागू नये म्हणून ही तुज्या उजेडात पाठ करून बसतीया. ओली बाळातीण! तुला दिसत न्हाय?"

मी झडप सोडली. अक्कानं ती पुन्हा उचलली. "दिसायला उजेड नगो व्हय त्येला?" ती म्हणाली. मग मला, "वाच तू. परीक्षा तू देणार हाईस, का आई?"

कोल्हापुरात वाचनालय होतं. तिथं उजेड होता, बाकडी होती. मी तसं बोललोही. अक्का म्हणाली, एवढ्या लांब जाऊन येण्यात वेळ जातो. मी लगेच मान्य केलं. ते 'लगेच' मला आज सर्वांत जास्त लागतं. मी एकदा जरी हट्ट धरला असता, तरी हे लिहायला बसलो नसतो. उरलेली सगळी थंडी मी त्या झडपेशीच वाचत बसलो. फक्त नंतर मधूनमधून म्हणायचो, "अक्का, तू सरक ना तिकडं," आणि ती सरकली नाही की पान उलटायचो.

मूल जगलं. उन्हाळ्यात ते दोन्ही हातांनी माझे केस ओढू लागलं. मी पास झालो. दाजींनी अडतीत पेढे वाटले.

अक्काची पाठ मात्र धरली. वाकून घागर उचलताना ती भिंतीला हात लावायची. आई म्हणायची, बाळंतपणाचं वारं भरलं. पुढं दाजींना इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये काम मिळालं, ती तिघं तिकडं गेली आणि मी वसतिगृहात आलो. शास्त्र शिकणाऱ्या एका मित्राला मी हे सांगितलं. तो म्हणाला, वारं भरणं वगैरे काही नसतं. अशक्तपणा, कामाचा ताण, त्यानं पाठ दुखते. मला ते पटलं. पण ते पटणं माझ्या सोयीचं आहे, हेही मला कळतं.

यंदा अक्काला पुन्हा दिवस गेले. इचलकरंजीच्या डॉक्टरांनी पाठ तपासली आणि दाजींना म्हणाले, ह्या बाईला हे बाळंतपण जड जाईल. या वेळी कुणाच्या परीक्षेसाठी ती थांबली नाही. उन्हाळ्यातच माहेरी गेली. मी सुट्टीत भेटून आलो. ती मला म्हणाली, "तोंड कशाला पाडतोस? मी काय फासावर चाललेय?" मग पाऊस लागला, आमच्या बाजूचे ओढे भरले, गावाकडची एस.टी. बंद झाली आणि निरोप येईना. वर्गात बसायचो, पण काय शिकवलं ते सांगता आलं नसतं.

पाऊस उघडल्यावर गावातला एक म्हातारा बाजाराला आला आणि वसतिगृहाच्या दारात येऊन मला हाक मारू लागला. मी धावत खाली गेलो. तो पायरीवर बसला, पाणी मागितलं. मग ओढ्यावरचा फरशीपूल कसा वाहून गेला ते सांगितलं, रोपं कुजली ते सांगितलं, त्याची म्हैस विताना कशी अडली ते तर सगळं सांगितलं.

"तात्या," मी म्हणालो, "आमच्या घरचं काय?"

"त्येच सांगायला आलतो की! इसरलोच बघ. आक्का बाळात झाली तुजी. पोरगी हाय. लई तरास झाला म्हनं, सुईण बी घाबरलीती. पन आता दोगी बऱ्या हायत्या. मी निघालो तवा आक्का उठून बसलीती, पोरीला पाजत."

"आणि पाठ? पाठ कशी आहे तिची?"

"पाठीचं मला काय ठावं, बाबा? बाळातिणीची पाठ मी बघायला जातोय व्हय? हसत हुती, एवढं बघितलं."