शेवटच्या रांगेसाठी

नाचता नाचता गायचं, तेही धाप न लागता, यात आमच्या ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं. नाटकवाले तिला भिंगरी म्हणत. मी तिचे पोशाख शिवायचे. म्हणजे आज शिवलेले, तिने उसवलेले, उद्या पुन्हा शिवायचे.

गाताना तिची नजर कायम शेवटच्या रांगेवर. नटांच्या घरच्यांना फुकटच्या खुर्च्या तिथेच मिळायच्या, म्हणून आई तिथे बसायची. आईला ऐकू जरा कमीच यायचं. तिला पोचलं की सगळ्या नाट्यगृहाला पोचलं, असा ताईचा हिशेब, आणि तो कधी चुकला नाही.

मग त्याच नाटकाचा सिनेमा निघाला. गाणं तेच, नाच तोच, त्यामुळे ताई निर्धास्त. नाच झकास झाला, पण चेहरा जवळून घ्यायची वेळ आली आणि सगळं फिसकटलं. कॅमेरा हाताच्या अंतरावर, आणि ही बाई त्याच्या डोक्यावरून पार पलीकडच्या भिंतीकडे बघून गातेय! पडद्यावर वाटायचं, छतावरची पाल शोधतेय. दिग्दर्शक बिचारा सांगून सांगून थकला. भिंगात बघ म्हटलं, की ताईचा चेहरा कोरा पडायचा. शेवटी त्याने स्पष्टच सांगितलं: जेवणानंतर एकदा घेऊ, नाही जमलं तर काम दुसरीला. दुसरी तर मेकअप करून बसलीच होती, मेली. रागाच्या भरात मी सुई बोटात खुपसून घेतली.

ताई मात्र शांत. मला म्हणाली, "जा, आईला घेऊन ये."

आईला मी घरातल्या चपलांसकट आणली. ताईने तिला भिंगाच्या अगदी खाली, बुटक्या स्टुलावर बसवलं. कॅमेरामन कुरकुरायला लागला, तर दिग्दर्शकानेच त्याला गप्प केलं. ताईचं रेकॉर्ड केलेलं गाणं वाजायला लागलं. ती गिरक्या घेत आली, थांबली आणि आईकडे बघून गायली. शॉट तिथल्या तिथे पास! दुसरीला मेकअप पुसायला कापूस मीच नेऊन दिला, अगदी हसतमुखाने.

आई मात्र स्टुलावरून हलेना. ताईला तिने जवळ बोलावलं, रुमालाने तिचा गळा पुसला आणि म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, तू दमतच नाहीस."

"तिथून दिसत नाही गं ते," ताई म्हणाली. माझ्या डोळ्यांना तर धारच लागली.

पुढे ताईने सिनेमे केले, नाटकंही सोडली नाहीत. पण आई पुन्हा फुकटच्या खुर्चीत बसली नाही; तिकीट काढून पहिल्या रांगेत बसायची. गाताना ताईची नजर शेवटच्या रांगेवरच असायची. टाळ्या सुरू झाल्या की मग ती खाली बघायची, आणि आई रुमाल वर करून दाखवायची.