वल्हं वर घेतलं तेव्हा

माझ्या अक्षराला आणि चुकांना हसू नका. चौथीनंतर शाळा सुटली. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिते आहे. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता… आजही लोकांसमोर नाहीच म्हणते.

आम्ही भोई. माहेर-सासर दोन्ही धर्माबादकडं, गोदावरीच्या काठी. नदीत वाट सुधरली नाही तर वल्हं वर घ्यायचं, असं आईनं शिकवलेलं. पाणी खालच्या अंगाला नेतं, आणि आमचं गाव खालच्याच अंगाला.

दोन वर्षांखाली मालकांना निलंग्याच्या बाजूला एका धरणावर मासेमारीचं काम मिळालं. पाणी अनोळखी. तिसऱ्याच दिवशी दुपारी जाळी काढायला गेलो. सांभाळायला कुणी नाही, म्हणून तीन वर्षांची दुर्गी पायाशी बसलेली. मधोमध गेलो आणि धरणाच्या भिंतीकडून वारा सुटला. होडी मागं रेटली, ती बुडालेल्या बाभळींच्या खोडांत. एका खोडावर यांचं वल्हं मोडलं. दुसऱ्यानं होडीच्या बुडाचा पत्रा फाडला. पाणी आत यायला लागलं.

"पोरीला धर," हे म्हणाले. "बघून काय राहिलीस?"

मला काही सुचेना. मी माझं वल्हं वर घेतलं.

"येडी झालीस का? धरण हाय हे. पाणी उभं हाय हितलं."

आणि होडी चालायला लागली – वाऱ्याच्या उलट, भिंतीकडं. सरळ नाही. आधी डावीकडं वळली, मग लांबून उजवीकडं. दोन्ही अंगांनी खोडं मागं जात होती, एकही लागलं नाही. मी हात खाली सोडला. पाणी गार होतं आणि बोटांना ओढत होतं. हे गुमान डब्यानं पाणी उपसत होते. भिंतीजवळ होडी काठाला टेकली.

तिथं एक म्हातारे मामा जाळं शिवत बसले होते. त्यांचं गाव याच धरणात गेलेलं.

"मामा, दरवाजे उघडलेत का?" मी विचारलं.

"ह्या दिसांत कोण उघडतंय?"

मी झालेलं सांगितलं. मामांचा हात थांबला. "डावीकडं वळली तिथं आमचा पाणवठा व्हता. उजवीकडं डोह. जुन्या नदीची वाट हाय ती."

"मामा, दुपारीच घेतली का?" हे हसले.

"मी न्हाई घेत. तू एका वल्ह्यानं उलट्या वाऱ्यात कसा आलास, तेवढं सांग."

मामा माझ्याकडं वळले. "पोरी, पाणी गार व्हतं का?"

"हाव."

"तीस वर्सं हितं होडी घालून राहिलो. मला एकदाबी न्हेलं न्हाई तिनं."

कुणी म्हणतं वारा फिरला असेल, कुणी म्हणतं भास झाला. बुडालेली नदी वाहते कशी, मला अजून कळलेलं नाही. दुर्गी आता अंगणवाडीत जाते. मामा भेटले की मला शेजारी बसवून घेतात आणि म्हणतात, "पाणवठ्यापासून सांग. सावकाश."