अ‍ॅम्पवरचा हात

बारा फेब्रुवारी. माझ्या बेस गिटारचा जुना अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, गेल्या कार्यक्रमात बंद पडला होता आणि शनिवारी पुन्हा कार्यक्रम होता, म्हणून वापरलेला अ‍ॅम्प बघायला गेले. विकणारे काका ऑर्केस्ट्रातले निवृत्त वादक. मी वाजवत असताना त्यांचा तळहात सारखा अ‍ॅम्पवर होता, मांजरावर ठेवावा तसा. मला लगेच शंका आली. खोक्यात काही खडखडत असेल, तर असाच हात दाबून ते लपवता येतं.

"काका, हात काढा जरा."

"का गं? मी काय त्याचं तोंड दाबून धरलंय?"

त्यांनी हात काढला. मी सगळ्यात जाड तार पूर्ण आवाजावर वाजवली. काही खडखडलं नाही.

"खालचे सूर आता मला ऐकू येत नाहीत," काका म्हणाले. "हाताला कळतात."

इतकी वर्षं बेस वाजवून मला सुराआधी खडखड शोधायची सवय लागली आहे. माणसांच्या बाबतीतही तेच. कोणी मायेनं वागलं की हा काय झाकतोय, असं वाटतं. सवय चांगली नाही, पण तिनं मला अनेकदा वाचवलंय. काकांचं बोलणं मात्र खरं वाटलं, आणि त्यामुळेच मागचे स्क्रू काढू द्या म्हणायचा धीर झाला नाही. उद्या सांगते म्हणून निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊनच गेले. मागची फळी उघडली, स्पीकरचा थरथरणारा कागदी पडदा टॉर्चनं तपासला. कुठेही फाटलेला नव्हता.

"नीट बघ," काका म्हणाले. "घेताना मीही उघडला होता."

फळी बसवली आणि अ‍ॅम्प रिक्षात घातला.