यादीतलं एकविसावं नाव

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयाच्या काउंटरवर एका बाईंशी भांडत होते. पाककृतींच्या पुस्तकातली चार पानं त्यांनी फाडून घरी ठेवली होती आणि वर मलाच विचारत होत्या, एवढ्या जुन्या पुस्तकाचं काय घेऊन बसलात? यशूच्या पप्पांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला आणि "काय आहे?" म्हणून खेकसले. पलीकडून ते एवढंच म्हणाले, "घरी ये. आक्का उठून राह्यली न्हाई..." दुपारी जेवून, भांडी घासून, थोडा वेळ पडते म्हणून त्या आडव्या झाल्या होत्या. आजारपण नाही, दवाखाना नाही. कुणाला त्रास द्यायचा नाही हा त्यांचा हट्ट त्यांनी शेवटपर्यंत चालवला. त्या पाककृतीवाल्या बाईच मला रिक्षापर्यंत सोडायला आल्या.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. लग्नानंतर दोनच वर्षांत त्यांचे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं. त्या जालन्यात मस्तगडला आपल्या माहेरी परत आल्या, डी.एड. केलं आणि टेंभुर्णीच्या रस्त्याला, एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत लागल्या. मधली थोडी वर्षं सोडली तर सगळी नोकरी त्यांनी तिथंच केली. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. रोज जीपनं अप-डाऊन. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली त्यांची होती. थोरली नणंद म्हणून मला धाकात ठेवायची त्यांना पूर्ण मुभा होती, पण त्यांनी ती कधी वापरली नाही. उलट मी गल्लीत कुणाशी वाजवून आले की त्या खुशीत असायच्या. "माझ्या गरीब भावाला अशीच पायजे व्हती," असं माझ्यादेखत शेजारणींना सांगायच्या.

आमची यशोधरा, म्हणजे यशू, सहाची झाली त्या वर्षी घरात मोठं युद्ध झालं. यशू घरात अखंड बडबडायची आणि उंबरा ओलांडला की मुकी व्हायची. दुकानदारानं नाव विचारलं तरी माझ्या ओढणीत तोंड खुपसायची. बालवाडीच्या बाईंनी वर्षाअखेरीस मला बाजूला घेऊन विचारलं होतं, हिला ऐकू येतं ना? चुकीच्या शाळेत गेली तर ही पोर कायमची गप होईल, असं मला खरोखर वाटायचं. यशूच्या पप्पांना ती विहाराच्या ट्रस्टनं चालवलेल्या शाळेत जायला हवी होती. सासऱ्यांनी त्या विहाराच्या भिंतीसाठी डोक्यावर विटा वाहिल्या होत्या, तेव्हा त्यांची नात तिथं जाणार यात चर्चा कसली? मला मात्र घनसावंगीच्या रस्त्याला एका जोडप्यानं आपल्या शेतात काढलेली शाळा खुणावत होती. तिथं परीक्षा नव्हत्या, गणवेश नव्हता, शिक्षकांना दादा-ताई म्हणत. ग्रंथालयात बसून शिक्षणावरचे लेख वाचून माझं डोकं फिरलंय, असं यशूच्या पप्पांचं मत होतं. "घरात पंचशील म्हणायचं आन् पोरीला झाडावर चढवायचं?" ते म्हणायचे. मी म्हणायचे, "पंचशीलात झाडाचं काही नाही." तीन आठवडे आमचं जेवण असंच चाललं होतं.

शेवटी आक्कांनी दोन दिवस रजा टाकली. "बसून भांडून काय व्हतंय? चला, बघून येऊ," म्हणाल्या. शाळा बघायची त्यांची एक पद्धत होती. ऑफिसात बसायचं नाही, फळ्यावर काय लिहिलंय ते बघायचं नाही. वर्गाच्या दाराशी उभं राहायचं आणि मास्तर बाहेर जायची वाट बघायची. "मास्तर हाय तवर सगळ्याच शाळा चांगल्या असत्यात. तो भायेर गेल्यावर पोरं काय करत्यात ते बघ."

विहाराची शाळा सुंदर होती, आज इतक्या वर्षांनीही मी तसंच म्हणेन. फरशी अशी की आपलेच पाय ठेवायला संकोच वाटावा. सकाळची वंदना चालू होती आणि दीडशे पोरं एका आवाजात म्हणत होती. यशूच्या पप्पांचे डोळे भरून आले. आक्का मात्र बाहेर दाराशी लावलेल्या चपलांच्या सरळ ओळी बघत होत्या. "आमच्या पोरांना हे लावायला मला दोन वर्सं लागत्यात," असं कौतुकानं म्हणाल्या. मग गुरुजी काही कामानं वर्गाबाहेर गेले. पोरं तशीच बसून राहिली, तोंडावर बोट ठेवून. यशूसुद्धा कुणी न सांगता त्यांच्यात जाऊन तशीच बसली. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी आक्का भावाला म्हणाल्या, "शाळा लई चांगली हाय. पण गप बसायला तिला शिकवायची काय गरज? ते तिला आधीच येतंय. वंदना घरी म्हणता येती की. तू कवा म्हणतो, सांग?" त्या दिवसापासून यशूचे पप्पा रोज सकाळी तिला शेजारी बसवून वंदना म्हणायला लागले, ते आजतागायत.

दुसऱ्या दिवशी शेतातली शाळा. आंब्याखाली पाच-सहा मुलांनी काठी आणि दोन करवंट्यांचा तराजू केला होता आणि त्यात मातीचे गोळे तोलत बसली होती. त्यांचा दादा कधीच उठून विहिरीकडे गेला होता, कुणाला पत्ताही नव्हता. दोन सारखे गोळे, तरी एक पारडं खाली का, यावरून त्यांचं जुंपलं होतं. यशू माझी ओढणी धरून बघत होती. बराच वेळ बघितलं तिनं. मग ओढणी सोडून पुढं झाली आणि एका अनोळखी पोराला मोठ्यानं म्हणाली, "अरे, तो ओलाय ना! ओली माती जड असते!" मी आक्कांचा हात घट्ट धरला. आक्का तिच्याकडे बघतच राहिल्या. मी आपली आनंदानं रडतेय. मग एकदम म्हणाल्या, "हिला हितंच घाल, रंजना. बिलकुल इचार करू नको."

परतताना जीपमध्ये मी सहज विचारलं, "आणि तुमची शाळा, आक्का? ती बघायचीच राहिली." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझ्या शाळंत मी हाय ना. आत्यापुढं ती घरच्यावानीच बोलंल. मंग परक्यापुढं बोलाया कधी शिकंल?"

उत्तर चोख होतं. पण माझ्या मनाचा कोतेपणा बघा. मला वाटलं, स्वतःच्या शाळेत काय शिकवतात हे या ओळखून आहेत, म्हणून भाची नको म्हणतात. तसं मी गल्लीत दोघी-तिघींना हसत हसत सांगितलंसुद्धा. आक्काच म्हणतात आमच्या शाळेत नको... मग यशू शेतातल्या शाळेत गेली. पहिलं वर्ष ती फक्त झाडांशी आणि एका शेळीशी बोलली. दुसऱ्या वर्षी माणसांशी. सातवीला तिथून बाहेर पडली तेव्हा तिला गप कसं करायचं हा आमच्यापुढचा प्रश्न होता. आता अकरावीत आहे, माझ्याशी बरोबरीनं वाद घालते आणि बहुतेक वेळा जिंकते. तेव्हा ती निवड बरोबर ठरली हे मी समाधानानं सांगू शकते. निवड आमची होती असंच मी इतकी वर्षं समजत होते.

आक्कांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गेल्या महिन्यात झाला. त्यांची माणसं एवढी असतील असं वाटलं नव्हतं. वस्तीवरून दोन जीप भरून आल्या. खीर वाढून झाल्यावर शेख सर माझ्यापाशी येऊन बसले. आक्कांच्या शाळेतले ते दुसरे शिक्षक. आक्कांच्या तोंडी त्यांचं नाव रोज असायचं, पण आमच्या घरी त्यांचं येणं क्वचितच व्हायचं. यशू खुर्च्या उचलत होती, तिच्याकडे बघत ते म्हणाले, "वहिनी, हीच का यशोधरा? एकवीस नंबर?" मला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं.

आमच्याकडे शाळांचं युद्ध चालू होतं त्याच दिवसांत आक्का आणि शेख सर घरोघर फिरून पुढच्या वर्षाच्या मुलांची यादी करत होते. पाडव्याला नवे प्रवेश नोंदवायचे, ही तिथली रीत. पट एकविसाच्या खाली गेला तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाईल, असं वरून सांगितलं होतं. म्हणजे शेख सर अतिरिक्त ठरणार आणि जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला जातील याचा भरवसा नाही. घरी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. "फिरून फिरून जुनी-नवी मिळून वीस नावं झाली. मी म्हणलो, बाई, एक कमी पडून राह्यलं. तर बाई हसल्या. म्हणल्या, लिहा, यशोधरा. घरची पोर हाय, जाती कुठं? तुम्हाला विचारलंबी न्हवतं त्यांनी. मी मोत्यासारख्या अक्षरात नाव लिहिलं, वहिनी. घरी जाऊन अम्मीला सांगितलं, काळजी मिटली."

आणि मग एक दिवस रजेवरून आलेल्या आक्कांनी ती यादी मागून घेतली आणि एकविसाव्या नावावर रेघ ओढली. "मी विचारलं, का? तर म्हणल्या, तिला दुसरी शाळा बरी हाय. मी म्हणलो, मंग माझं काय? म्हणल्या, तुमचं बघते. मी आठ दिवस बाईंशी बोललो न्हाई. खोटं कशाला सांगू."

त्यात भर म्हणून माझं गल्लीतलं बोलणं. आमच्याकडे दूध घालणारे त्याच वस्तीचे. त्यांनी ते तिकडे नेलं आणि एका बाईनं आक्कांना तोंडावर विचारलं, तुमच्या भावाची पोर तुम्ही दुसऱ्या शाळंत घालून राह्यल्या, मंग आमच्या पोरांनी कामून यायचं? शेख सर म्हणाले, "बाई चिडल्या न्हाईत. म्हणल्या, तिला माझ्यापासून लांब करायची गरज व्हती. तुमच्या पोरांना माझ्याजवळ यायची हाय." मी खाली मान घालून ऐकत होते. इतक्या वर्षांत आक्कांनी मला यातलं अक्षरही कळू दिलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी यशूला उपकार म्हणून त्यांच्या शाळेत घातलं असतं, हे त्या ओळखून होत्या. मला त्यांचा राग आला, लाज वाटली आणि त्यांच्यावरची माया तर मावेना.

"मग एकविसावं मूल आलं कुठून?" मी विचारलं. शेख सरांनी पाठीमागं वळून हाक मारली, "राधा, इकडं ये."

अठरा-एकोणीसची, सावळी, ताठ मानेची मुलगी येऊन बसली. तिनंच पुढचं सांगितलं. तिचं घर वस्तीच्या टोकाला, शेतात. ती सहाची झाली तेव्हा आई-बाप ऊसतोडीला गेले होते, ती त्यांच्याबरोबर फडावर होती. पुढच्या दोन्ही वर्षी आक्का यादी घेऊन आल्या आणि विचारलं, सहा वर्षांचं पोर हाय का घरात? घरच्यांनी खरं तेच सांगितलं, न्हाई. कारण राधा तोवर सात वर्षांची, मग आठ वर्षांची होती. शेळ्यांमागं होती. शाळेचं वय गेलं, असंच सगळे धरून चालले होते. त्या उन्हाळ्यात आक्का एका मुलासाठी तीच घरं पुन्हा हिंडल्या. थकून राधाच्या ओट्यावर बसल्या, पाणी मागितलं. पाणी राधानं आणून दिलं. आक्कांनी विचारलं, "तू कोणाची गं? कोणत्या शाळंत जाती?"

"बाईंनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला," राधा म्हणाली. "म्हणल्या, दोन वर्सं म्या येड्यावानी चुकीचं इचारून राह्यले. मला वयापरमाणं थेट तिसरीत बसवलं. त्यानंतर बाई प्रत्येक घरी इचारायच्या, पोरं किती? वय कधीच न्हाई इचारलं." मग ती यशूकडे वळली. यशू कधीची खुर्च्या टाकून आमच्यात येऊन उभी होती. राधा तिला म्हणाली, "तू आली असतीस ना, तर बाई आमच्या घरी परत आल्याच नसत्या."

आमच्या वादपटू यशूनं फक्त राधाचा हात धरला.

राधा बारावी झालीय आणि जालन्यात नर्सिंगला तिला प्रवेश मिळालाय. वसतिगृह भरलेलं, बाहेर खोली घेऊन राहायचं तर गावातल्या कुणाची सही हवी, म्हणून कार्यक्रमानंतरच्या सोमवारी ती पिशवी आणि अर्ज घेऊन आमच्याकडे आली. स्थानिक पालक म्हणून सही करता का, विचारायला. मी चष्मा लावून नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पुढं एक रकाना होता, विद्यार्थिनीशी नातं. मी अडखळले. ओळखीच्या लिहू? शेजारी? राधानं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि तिथं लिहिलं, मामी.

यशूच्या पप्पांनी अर्ज हातात घेतला, वाचला. आक्का गेल्यापासून वरच्या खोलीला त्यांनी कुलूप घातलं होतं, मलाही झाडायला उघडू देत नव्हते. ते उठले, कपाटातून किल्ली काढली आणि राधाची पिशवी उचलून जिना चढायला लागले.