उभ्यानं बघा

तासगावच्या बेदाण्याच्या शेडवर पारूबाईंचा हात काय फिरायचा! त्यांच्या सुपातली काडी नि काळा दाणा वेचून व्हायचा, तेव्हा शेजारणीचं निम्मंही झालेलं नसायचं. पण १९९४ च्या हंगामात भलताच खेळ सुरू झाला. मांडी मोडून उठल्या, की डोळ्यांपुढं काळा पडदा, आणि पारूबाई खाली.

दोनदा बायकांनी कांदा हुंगवला. तिसऱ्यांदा मंगळवार होता. एकीनं मळवट भरला, दुसरी पाया पडली, "आई, माझ्या पोरीचं लगीन कवा ठरंल?"

"अगं सटवे, अंगात कोण येत न्हाई! मीच माझ्या अंगातनं निघून जाती!"

ऐकतंय कोण? शेडचे मालक भाऊसो पायताण काढून पुढं आले. "देवीला कामाला लावायचं पाप नको आमाला. तुमी आता घरीच बसा." वर खणनारळ.

घरी येऊन पारूबाई संतापानं रडल्या. कुणी शिव्या देऊन काम काढून घेतलं असतं, तर भांडता आलं असतं. हे तर हात जोडून काढून घेतलं!

दवाखान्यांतही तीच अदब. तासगावात एक झाला, सांगलीत दोन झाले. प्रत्येकानं खुर्ची दिली. "बसा मावशी, दमला असाल." विसावा झाल्यावर दंडाला पट्टा. "रक्तदाब उत्तम आहे. साखर तेवढी सांभाळा. मनाला लावून घेऊ नका."

सांगलीतल्याच तिसऱ्या दवाखान्यात नर्स मायानं खुर्ची पुढं केली, आणि पारूबाईंचा बांध फुटला.

"न्हाई बसत! बसल्यावर मला कायबी होत न्हाई. उभ्यानं बघा!"

मायानं आधी झोपवून रक्तदाब मोजला : एकशे तीस. मग उभं केलं. पारा ऐंशीवर, आणि पारूबाई तिच्या खांद्यावर.

"उठताना रक्त वर चढवायचं काम काही नसा आपोआप करतात," डॉक्टर म्हणाले. "बारा वर्षांच्या साखरेनं त्या निकामी होत आल्यात. पुरतं बरं होणार नाही. पण टप्प्याटप्प्यानं उठा, म्हणजे पडणार नाही."

डॉक्टरांची चिठ्ठी भाऊसोंनी दोनदा वाचली, तरी पायताण काढलंच. "आजचा दिवस बघू."

दुपारी पारूबाईंचं सूप संपलं. बायकांचे हात थांबले. एकीनं कुंकवाची डबीही उघडली. पारूबाईंनी पोटऱ्या आवळल्या, गुडघ्यावर आल्या, दहा मोजले, खांब धरून उभ्या राहिल्या. अंधारी आली, रेंगाळली, गेली.

"आज न्हाई व्हय आली?" मागनं कुणीतरी हिरमुसून विचारलं.

"न्हाई!" खांब न सोडता पारूबाई गरजल्या. "ती डबी झाका, आणि दुसरं सूप भरा!"